डोळे मिटून पाहिलेलं प्रदर्शन

दिल्लीच्या त्या भल्यामोठ्या प्रदर्शनात मी निम्मा दिवस डोळे मिटून फिरलो, असं सांगितलं की लोक माझ्याकडे दयेनं पाहतात. कुणी विचारतं, मोतीबिंदू वाढला का? कुणाला वाटतं, वय झालं, डुलकी लागली असेल. दोन्ही खोटं. डोळे शाबूत आहेत, आणि समोर एवढ्या मशिनी असताना मला झोप येणं शक्यच नाही. ज्यानं अख्खं आयुष्य लोकांचे टीव्ही, मिक्सर आणि कूलर खोलण्यात घालवलं, त्याला अशा जागी नेणं म्हणजे पोराला जत्रेत मोकळं सोडणं. तरी डोळे मिटले, कारण तिथं मी स्वतःसाठी गेलोच नव्हतो. विमलबाईंसाठी गेलो होतो, आणि विमलबाईंना दिसत नाही.

आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी रिपेरिंगवाला. सुरुवातीला हिंगण्याच्या एका कारखान्यात टीव्ही जुळवायच्या लाईनवर होतो. तो बंद पडल्यावर नागपुरातच हुडकेश्वरला दुकान टाकलं. लोकांना वाटतं, रिपेरिंग म्हणजे मशीन समजणं. अजिबात नाही. रिपेरिंग म्हणजे घर समजणं. नागपुरातल्या निम्म्या मशिनी पालीनं मेलेल्या असतात. उन्हाळ्यात ती गारव्याला म्हणून मागून आत शिरते, दोन तारांवर पाय देते, ती जाते आणि बोर्डही जातो. उरलेल्या मशिनींपैकी बऱ्याच मालकाच्या मायेनं मरतात.

ही माया म्हणजे कव्हर. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला आधी कपडे घालतात. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रीजवर झालरीचा रुमाल, मिक्सरला टोपडं, टीव्हीला भरतकामाचा पडदा. पडदा चालू टीव्हीवरूनही पूर्ण काढायचा नाही, फक्त पुढून वर करायचा. मागची सगळी जाळी झाकलेली, आत बोर्ड भाजून निघतोय, आणि माणूस दुकानात येऊन म्हणतो, "भाऊ, कंपनीचा मालच खराब हाये." मी वर्षानुवर्षं लोकांशी भांडलो. कव्हर काढा, श्वास घेऊ द्या तिला. "धूळ बसते ना पण," एवढंच उत्तर. या भांडणात मी एकदाही जिंकलो नाही.

गिऱ्हाईकं एकेक भारी. एक काका टीव्ही चादरीत गुंडाळून रिक्षानं घेऊन आले. तक्रार काय, तर यात बातम्या फार वाईट येऊन राहिल्या. मी काच ओल्या फडक्यानं पुसून दिली, अँटेनाची पिन घट्ट केली. काका बसून पाच मिनिटं बातम्या पाहत राहिले आणि म्हणाले, "आता बरं वाटते." त्यांना नेमकं काय बरं वाटलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण सगळ्यांत वेगळं गिऱ्हाईक म्हणजे विमलबाई. एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. लहानपणी तापात डोळे गेले. अख्ख्या कचेरीचे फोन त्या एकटीनं जोडायच्या. साहेबापासून शिपायापर्यंत जो तो त्यांच्याकडेच मागायचा, बाई, जरा अमुक नंबर द्या, बाई, तमुक साहेबांना लावा. निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा आनंद नोकरीला पुण्यात. हुडकेश्वरच्या छोट्या घरात त्या एकट्या राहायच्या आणि घर चोख ठेवायच्या. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा वॉशिंग मशीनच्या अंगावर तळहात ठेवून त्या म्हणाल्या, "जयभीम. याचा पट्टा ढिला झाला हाये, तू फक्त बदलून दे." खरंच पट्टाच होता. माझं निदान झालेलं होतं, मला फक्त पाना फिरवायचा होता.

त्यांच्यासाठी मी एक उद्योग सुरू केला. नेलपॉलिशचे थेंब एकावर एक वाळवून बटणांवर उंचवटे करायचे. मशीनला एक ठिपका म्हणजे धुणं, दोन म्हणजे पिळणं. मिक्सरला, टेबलफॅनला, सगळ्यांना ठिपके. नेलपॉलिश मी शेजारच्या दुकानातून आणायचो आणि तो दुकानदार माझ्याकडे कसा पाहायचा ते सांगत नाही. दर रविवारी मी बाईंकडे चहाला जायला लागलो. काम असो नसो. दूध वर येताना आवाज बदलतो, त्यावरून बाई गॅस बंद करायच्या. "तुले ऐकू येत नाही काहून?" असं मला विचारायच्या. मी कान लावून लावून थकलो, मला कधीच ऐकू आलं नाही. चहा मात्र एक नंबर असायचा.

मग गेल्या वर्षी बाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण कुणी येईपर्यंत बराच वेळ तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. आनंद धावत आला आणि हट्ट धरून त्यांना पुण्याला घेऊन गेला. महिन्याभरात त्या परत हजर. मी विचारलं, "काय झालं बाई, सुनेशी पटलं नाही का?"

"स्नेहल सोन्यासारखी हाये. पण तथी माह्यासाठी बसणं सोडून कामच नाही. चहासुद्धा मागून प्या लागते. ओट्यात काळी काच बसवली हाये, इंडक्शन. बटण नाही, खुंटी नाही, काही नाही. सपाट. मी उठली की दोघंही म्हणते, आई, तुम्ही बसा. मी बसून बसून दगड होऊन राहिली गा."

"पण इथं एकटं राहणं बरं नाही बाई."

"मले समजत नाही का? फरशीवर पडून मी काय ऐकत होती, सांगू? शेजारच्याचा टीव्ही. मी हाका मारू मारू थकली, अन् तो सिरीयल पाहून राहिला." मग म्हणाल्या, "आनंदले सांगितलं हाये मी. त्या काचेवर माह्या हातानं चहा झाला, तर येते कायमची. नाही झाला, तर इथंच पडीन, इथंच उठीन."

सरळ सौदा. आणि तो निभवायचा कुणी? मी. मी आनंदला फोनवर सांगितलं, माझ्यासारखे ठिपके कर, त्या काचेच्या बटणांवर चिकटव, पुढच्या वेळी आई आली की चालेल. त्यानं बिचाऱ्यानं तसंच केलं. दिवाळीला बाई चार दिवस गेल्या, ठिपका शोधायला काचेवर हात फिरवला आणि शेगडी एकदम टूं टूं करत सुरू झाली, ताप सर्वात वर. रिकामं पातेलं काळं पडलं. स्नेहल धावली. बाईंनी परत हात लावला नाही.

माझी अक्कल तेव्हा जागेवर आली. ज्याला दिसतं तो आधी पाहतो, मग दाबतो. दिसत नाही त्याचा हात आधी पाहतो, मग तोच हात दाबतो. जुन्या बटणाला हे कळायचं, त्याला जोर लागायचा. काचेला हातानं नुसतं पाहिलं तरी तिला हुकूम वाटतो. ठिपका मी थेट बटणावर चिकटवायला सांगितला, म्हणजे जिथं हातानं पाहायचं नेमकं तिथंच सापळा लावला.

याच सुमारास इतवारी बाजारातले जैस्वालशेठ मला म्हणाले, "सुधाकरभाऊ, दिल्ली चलते का? बड़ा प्रदर्शन है, दो पास हैं." त्यांचं भांड्यांचं जुनं दुकान. आता कढयांच्या शेजारी इंडक्शन आणि मिक्सर मांडलेले असतात, बिघडले की माझ्याकडे येतात. मी लगेच हो म्हटलं. जगभरच्या कंपन्या येणार होत्या. एखाद्यानं तरी डोळे मिटून चालणारी शेगडी केली असेल, असा माझा हिशेब.

आता खरं बोलतो. मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, न मिळाली तर बरं. शेगडी मिळाली की बाई जाणार. मग रविवारी मी कुठं जाऊ?

प्रदर्शनाची गंमत काय सांगू. एकेक दालन एवढं, की आमच्या हिंगण्याचा कारखाना आत मावला असता आणि वर कंपनीची बस वळवायला जागा उरली असती. आरपार दिसणारा टीव्ही होता. त्यात चित्र चालू असताना पलीकडे उभ्या माणसाचे पायही दिसतात. मी त्या पायांनाच पाहत राहिलो. आत काय आहे ते दाराच्या काचेवर दाखवणारा फ्रीज होता, त्यासमोर जैस्वालशेठ हात जोडून उभे. घोरणं मोजणारी गादी होती. दात घासताना चूक झाली की फोनवर कळवणारा ब्रश होता. एक आरसा माझ्याकडे बघून म्हणाला की माझी त्वचा माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, ती ट्रान्सफॉर्मरपुढं भाजलेली आहे.

मला सगळ्याचं कुतूहल. पण पुढच्या बाजूचं नाही. मी प्रत्येक ठिकाणी एकच मागणी करायचो, "जरा मागची बाजू दाखवता?" पोरं गोंधळायची. मागं वळवून दाखवलं की मी स्क्रू शोधायचो. स्क्रूच नाहीत. सगळं गोंदानं चिकटवलेलं. एका पोराला विचारलं, बिघडलं तर कसं खोलायचं? तो नम्रपणे म्हणाला, "सर, बदल देते हैं." वाईट वाटलं. रागानं नाही म्हणत, पण ज्या घराला दार नाही त्याच्याभोवती फिरून आल्यासारखं झालं.

नंतर मी डोळे मिटायला लागलो. स्टॉलवर जायचं, शेगडी किंवा मशीनपुढं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि हात पुढं करायचा. पहिल्या ठिकाणी हाताला ओव्हन लागला. दुसऱ्या ठिकाणी माझा हात एका बाईंच्या पर्सला लागला, जैस्वालशेठ माफी मागत राहिले. तिसऱ्या ठिकाणी स्टॉलवाल्यानं मला खुर्ची आणून दिली आणि पाणी पाजलं. जैस्वालशेठ कानात म्हणाले, "भाऊ, लोग देख रहे हैं." म्हटलं, देखने दो, मला दिसत नाही.

एका दालनात बोलून चालणारी शेगडी सापडली. मला आनंद झाला की भीती वाटली, ते तुम्हीच ठरवा. मी लगेच बाईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला, शेगडीच्या तोंडाशी धरला. "बाई, बोला हिच्याशी."

"काय बोलू?"

"चहा ठेव म्हणा."

"चहा ठेव वं," बाई म्हणाल्या. शेगडी गोड आवाजात म्हणाली, "माफ़ कीजिए, मैं समझी नहीं." बाई म्हणाल्या, "हिले सांग, मी बी नाई समजली."

मग मी हिंदीत बोललो, तेव्हा ती सुरू झाली. स्टॉलवरचा माणूस खूश. पण फोनमधून बाईंनी विचारलं, इंटरनेट गेलं तर? तो म्हणाला, मग काचेचं पॅनल आहेच ना. म्हणजे परत तीच काच. बाई म्हणाल्या, "सुधाकर, सारं आयुष्य मी लोकायचं बोलणं जोडून देलं. आता माह्या चहासाठी मशीनची मनधरणी करू का? अन् स्नेहल तथी घरूनच काम करते, मिटिंगमध्ये बसली राहते. मी बाजूच्या खोलीत शेगडीसंग भांडू काय? हातानंच पाहिजे मले. तू पाह्य."

दुपारनंतर आम्ही त्याच कंपनीच्या स्टॉलवर पोचलो, जिची काच आनंदच्या ओट्यात बसवलेली आहे. तेच मॉडेल मांडलेलं होतं, आनंदनं फोटो पाठवलेला होता, मी ताडून पाहिलं. तिथं एक इंजिनीअर मुलगी होती, पायल. माझी हिंदी ऐकून तिनं थेट विचारलं, "काका, तुम्ही नागपूरचे का?" ती अमरावतीची निघाली. दिल्लीत आपल्या बोलीचा माणूस भेटला की अर्धं काम झालेलं असतं. मी सगळी कहाणी सांगितली, काळं पडलेलं पातेलंसुद्धा.

तिनं मला खुर्ची दिली नाही. तिनं स्वतः डोळे मिटले आणि काचेवर हात फिरवला. टूं. टूं टूं. ताप वर, ताप खाली, टायमर सुरू. डोळे उघडून म्हणाली, "अरे, हे तर मी कधी करूनच नाही पाहिलं." ते तिनं इतक्या सरळपणे सांगितलं की मला तिथल्या तिथं ती आवडली. मग ती विचार करायला लागली. लॉकचं बटण आहे म्हणाली, पण ते उघडल्यावर पुन्हा तेच. मी म्हटलं, हात फिरला तरी तिला कळू नये, असं काही नाही का? ती म्हणाली, "बोट काचेपासून थोडं दूर राहिलं, तर नाही कळत तिला. मधे जाड काही ठेवलं तर."

आणि मी मोठ्यानं हसलो. जैस्वालशेठ घाबरले. अहो, मधे जाड काही ठेवायचं म्हणजे कव्हर. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो तेच. कव्हर घालायचं आणि बटणाच्या जागी तेवढी भोकं पाडायची. बाहेर कितीही हात फिरवा, काच झोपलेली. भोकात बोट गेलं की जागी.

स्टॉलच्या मागं खोके पडले होते. त्यातला पॅकिंगचा जाड फोम पायलनं काढला, मी खिशातला कटर काढला, आणि त्या झगमगाटात आम्ही दोघं जमिनीवर बसून भोकं पाडायला लागलो. तिचा साहेब येऊन पाहून गेला. मी बाईंना पुन्हा फोन लावला. "किती भोकं पाहिजे बाई? यात बटणं खूप आहेत."

"चहाले काय लागते? सुरू, कमी, जास्त. बाकीची बुजवून टाक. अन् सारे गोल नको करू, मी काय मोजत बसू? सुरूचं गोल, जास्तचं उभं, कमीचं आडवं. बंद बी सुरूवरच होते ना?"

"होतं."

"मग झालं."

पायलनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आजी, सांडलेलं पाणी भोकात साचलं तर ती आपोआप वाजेल. आधी बोटानं पुसा, मग दाबा." दोघी मग बराच वेळ पाण्याबद्दल, दुधाबद्दल आणि अमरावतीबद्दल बोलत राहिल्या. माझा फोन, पण मला कुणी विचारेना. फोम काचेवर ठेवला, पायलनं डोळे मिटले, अख्ख्या कव्हरवरून हात फिरवला. शांत. गोल भोकात बोट घातलं. टूं. जैस्वालशेठनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या स्टॉलवरच्या दोन-तीन लोकांनीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता. पायलनं भोकांचा नमुना कागदावर उतरवून दिला आणि सांगितलं की आमच्या डिझाइनवाल्यांना मी हे दाखवीन. दाखवलं असेल तर तिचं भलं होवो, नसेल तरी भलं होवो.

परतीच्या गाडीत मला जेवण गेलं नाही. जैस्वालशेठ म्हणाले, काम हो गया ना, फिर? मी म्हटलं, झालं म्हणूनच.

नागपुरात आल्यावर पुढचं काम. नुसता फोम गरम पातेल्याजवळ टिकणार नाही. शेठनी दुकानातून जाड सिलिकॉनची चटई दिली, ती पोळ्या लाटायला वापरतात तसली. वर सिलिकॉन, खाली फोम. त्यांच्याच दुकानातल्या काचेच्या शेगडीवर ठेवून पाहिलं. शेठनी गिऱ्हाईकांसमोर डोळे मिटून हात फिरवला आणि एका बाईला सांगितलं, "ये नया आइटम है, बेचने का नहीं है."

पण आनंदची शेगडी पुण्यात, बाई नागपुरात. सराव कशावर करायचा? मी एक फळी आणली, तिच्यावर कव्हर बसवलं आणि ती गॅसच्या शेजारी ओट्यावर ठेवली. भोकात बोट गेलं की वाजायला काही पाहिजे, म्हणून मी स्टुलावर बसून तोंडानं वाजायचो. टूं. हो, मीच. बाई गोलात बोट घालायच्या, मी टूं. उभ्यात घालायच्या, मी टूं टूं. मग त्या शेजारच्या गॅसची खुंटी तेवढीच फिरवायच्या. दूध वर यायला लागलं की गोलात बोट, आणि मी शेवटचा लांब टूंऽऽ. एकदा माझं लक्ष नव्हतं, मी वाजलोच नाही. बाई म्हणाल्या, "मशीन बिघडली वाटते. हिले एक चापट मारा लागते." आणि खरंच माझ्या खांद्यावर मारली.

आनंद न्यायला आला तेव्हा आम्ही दोघंही शहाण्यासारखे वागलो. बाईंनी कव्हर साडीच्या घडीत ठेवलं. मला म्हणाल्या, "तुह्या ठिपक्याचं धुण्याचं मशीन तूच ठेवून घे." मी मान हलवली. मग आठवलं की त्यांना मान दिसत नाही, तेव्हा बरं म्हणालो. गाडी गेल्यावर मी दुकानात येऊन एक धडधाकट मिक्सर उगाच खोलून पुन्हा जोडला.

मग फोन नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा होत आला. मी कव्हरबद्दल नको नको ते विचार केले. फोमची जाडी चुकली असेल. आनंदच्या ओट्यावर ते सरकत असेल. पाहुणे आले म्हणून कुणी काढून ठेवलं असेल. बाई परत येतील का, असाही विचार आला आणि मी स्वतःवरच चिडलो, कारण त्या विचारानं मला थोडं बरं वाटलं होतं. मी फोन केला नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

एका सकाळी दुकान उघडतानाच फोन वाजला.

"जयभीम. कायले गप्प बसला हायेस? मेला का काय?"

"नाही बाई. कव्हर कसं आहे?"

"चालते. पहिल्या दिवसापासून चालते. टूंचा आवाज तुह्यापेक्षा बारीक हाये, तेवढाच फरक."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगण्यासारखं काय होतं? मी माह्या पुरता चहा करे अन् पिये. स्नेहल बाजूले उभी राहे, हात भाजीन म्हणून. पोरगी भेते. मी बी काही म्हटलं नाही. इतक्या दिवसाचं बसा बसा एका दिवसात जात नाही." मागं कुठंतरी कुणी इंग्रजीत बोलत होतं, बहुतेक सुनेची मिटिंग. बाईंचा आवाज एकदम खाली आला. "पण आता, आत्ताच गा, ती आतल्या खोलीतून ओरडली. तिचं काम सुरू हाये, उठता येत नाही तिले. काय म्हणाली माहीत हाये? म्हणाली, आई, मला पण अर्धा कप टाकता का."

मी दुकानाचं शटर अर्ध्यावरच सोडलं.

"ऐकलं का, सुधाकर? तिनं मले मागितला."

"ऐकलं बाई."

त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. माझेही डोळे भरले होते, तेही सांगून टाकतो. मी म्हटलं, बाई, अजून बोला ना, कसं वाटतं तिथं, झोप लागते का, पाय कसा आहे. पलीकडून टूं ऐकू आलं, मग आणखी एक टूं.

"बोलत काय बसला, दूध वर येऊन राहिलं. ठेव आता," बाई म्हणाल्या, "मले काम हाये."